पिंपावरची आरोळी

व्होस, ६ ऑक्टोबर १९७४

रासमुस दाजी यांस,

काल संध्याकाळी सरपण रचताना एकाएकी बाबांची आरोळी कानात वाजली. बियरच्या पिंपात विरजणाची लाकडी मण्यांची माळ सोडताना ते बेंबीच्या देठापासून ठोकत, ती आरोळी. समोरच्या कड्यावर आपटून ती तळ्यावरून परत यायची, आणि परत येईपर्यंत बाबा पिंपावर वाकलेलेच असायचे. "विरजण वर्षभर खुंटीवर झोपलेलं असतं, त्याला हळू आवाजात कोण उठवणार?" असं म्हणायचे. त्यांच्यानंतर खरी आरोळी होती ती माझ्या बहिणीची, तुमच्या सिन्नेवाची. एवढीशी पोर, पण ती ओरडली की गोठ्यातली वासरं दावी ताणायची. माझ्या वाट्याला कविता आल्या. माझा आवाज ऐकून विरजण फार तर कूस बदलत असेल.

सिन्नेवाला माती देऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून आपल्यात नाताळच्या कार्डावरच्या दोन ओळींपलीकडे काही नाही. तरीही आज लिहितो आहे ते एका तिऱ्हाइतासाठी. आमच्या आळीत एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, त्यांना अवघड वाटेल. त्यांची घरची बियर दोन वर्षं गढूळ होते आहे. मोड आलेल्या सातूचा काढा दुपार कलेपर्यंत उकळतात, जुनिपरच्या फांद्यांमधून गाळतात, विरजण वडिलांचंच, पाणी त्याच झऱ्याचं. तरी वाडग्याचा तळ दिसत नाही.

तुमच्या होर्निंदालला काढा उकळतच नाहीत. तिथे जे पितात ती बियर की भांडी विसळलेलं पाणी, हा माझा सवाल तुमच्या लग्नापासून अनुत्तरित आहे. पण गढूळपणाचा तुमच्याइतका अनुभव या देशात दुसऱ्या कुणाला नसेल, म्हणून विचारलं.

माझ्या मुलाने, लाईवने, बर्गनहून एक पुस्तिका पाठवली. तिथे शहरातल्या लोकांनी घरी बियर करणाऱ्यांचं मंडळ काढलंय. बियर निवळायला जिलेटीन घाला, माशाच्या पोटातला फुगा घाला, समुद्रातलं शेवाळ घाला, असा त्यात उपदेश आहे. हे लोक बियर करताहेत की मत्स्यालय, कळत नाही. पुस्तिकेने चूल मात्र छान पेटली.

आनफिन

•

होर्निंदाल, १४ ऑक्टोबर

आनफिन मास्तर,

तुमच्या आळीतल्या त्या लाजाळू गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अक्षर फार वळणदार आहे. मी ओळखतो ते. माझ्या लग्नात त्यांनी बत्तीस कडव्यांची कविता वाचली होती आणि मटण गार झालं होतं.

तर आता गढूळ झालं का तुमचं पाणी! अहो, माझ्या लग्नात माझ्या बियरला नावं ठेवलीत, पोरांच्या बारशात ठेवलीत. सिन्नेवाला माती दिली त्या दिवशीसुद्धा, सगळं गाव बसलेलं असताना, वाडगा उजेडात धरून म्हणालात, "यात तळ दिसत नाही." त्या दिवशी तळ बघायला कोण बसलं होतं, मास्तर? मी तिच्यासाठी केलेली बियर होती ती.

जाऊ दे. विचारलंत तर सांगतो, कारण विचारणाऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. गढूळपणा दोन जातींचा असतो. एक धान्याचा. माझ्या बियरमध्ये आहे तो. आम्ही उकळत नाही म्हणून दूध घातल्यासारखी दिसते. ती दिसावीच तशी. ज्याला तळ बघायचा असेल त्याने विहिरीवर जावं. दुसरा गढूळपणा विरजणाचा. ते खाली बसत नाही, रिकामटेकड्यासारखं मध्येच तरंगत राहतं. ओळखायचं कसं? एक वाडगा थंड ओसरीतून आत आणा आणि शेगडीजवळ ठेवा. ऊब लागताच निवळली तर दोष धान्याचा, त्याची चिंता नको. उबेतही तशीच राहिली तर विरजणात काहीतरी बिनसलंय. मग वास घेऊन बघा. संत्र्याच्या सालीचा येतो की नाही ते कळवा.

आणि ते ओरडणं बंद करा. आमच्या खोऱ्यात विरजण घालताना माणसं तोंड मिटून काम करतात. तुमची बहीण इथे येऊनसुद्धा ओरडायची. मी लाजेने गोठ्यात जायचो आणि गाईंची माफी मागायचो. आता चार वर्षं आमचं पिंप शांत आहे. गाई खूश आहेत.

रासमुस

•

व्होस, २७ ऑक्टोबर

दाजी,

बरं, तो गृहस्थ मीच. आता तुम्ही गोठ्यात जाऊन गाईंनाही सांगा.

शेगडीजवळ वाडगा ठेवला. तो गरम झाला, मी गरम झालो, बियर होती तशीच. वास संत्र्याचा नाही. कशाचा म्हणाल तर सकाळच्या पावाचा. आणि वेळ किती लागावा! बाबांचं विरजण संध्याकाळी घातलं की सकाळी पिंपावर फेसाचं पागोटं असायचं. आता ते दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे चोळत उठतं.

मी सगळ्यांची हजेरी घेतली. सातूला मोड मीच आणले, मीच वाळवले, त्यात खोट नाही. पाण्यात नाही. भांड्यांत तर नाहीच. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी लाईव बोटीवरच्या नोकरीवर गेला आणि त्याची बायको तुरिद इथे माझ्याकडे राहायला आली. मुलगी ओस्लोची, पण हात असा स्वच्छ की काय सांगू. आल्या आल्या तिने बियरघरातली एकूण एक वस्तू सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढली. पिंप, चाळण, ओगराळं, खुंटीवरची आमची माळसुद्धा. आजोबांनी कोरलेले लाकडी मणी पन्नास वर्षांच्या काळ्या पापुद्र्याखाली दिसत नव्हते, ते आता नव्या नवरीच्या दातांसारखे चमकतात. तुमच्या होर्निंदालला असली सून मिळायची नाही.

मग दोष कुठे? मला वाटतं हवेत. कारखान्यांचा धूर इथवर येतो.

तुम्हाला हसू येत असेल, पण इथे माझ्या जिवावर बेतलं आहे. नाताळच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे चाखणी असते, तुम्हाला माहीत आहे. बोलावणं नसतं, आळीतले सगळे आपापला वाडगा घेऊन येतात, पहिला घोट घेतात आणि निकाल देतात. बियर बिघडली असेल तर घरधन्याला तोंडावर कुणी बोलत नाही. वाडग्याचं कौतुक करतात. गेल्या वर्षी शेजारच्या गुल्लिकने घोट घेतला, वाडगा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, काय सुरेख लाकूड आहे हो हे!" वाडगा त्याचाच होता.

त्यात जिल्ह्याच्या संग्रहालयातून एक तरुण येतो आहे. गळ्यात कॅमेरा, पायात शहरी बूट. बाबांचं पिंप त्याला काचेमागे ठेवायचंय. यंदाही गढूळ निघाली तर नेऊ दे त्याला. मी शब्द दिला आहे. ज्या घराला बियर करता येत नाही त्या घरात पिंप ठेवायचं ते कशाला, बटाटे भरायला?

आनफिन

•

होर्निंदाल, ३ नोव्हेंबर

चि. तुरिद हिस,

पोरी, तू मला सिन्नेवाच्या दिवशी एकदाच पाहिलंस. दारापाशी उभा असलेला, कुणाशी न बोलणारा म्हातारा, तो मी. तुझ्या सासऱ्यांच्या बहिणीचा नवरा. हे पत्र तुझ्याच हातात पडेल अशा बेताने तुमच्या गावातल्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

सरळ विचारतो. ती माळ तू उकळलीस ना?

घाबरू नको. ती मळकट दिसते, मलाही लग्नात तसंच वाटलं होतं. पण तो काळा पापुद्रा म्हणजे मळ नव्हे. तेच विरजण. दर वेळी फेसात बुडवून वाळवलेलं, थरावर थर चढलेलं. तू सोड्यात घातलंस आणि ते गेलं. मग म्हातारबुवांनी ती चकचकीत माळ पिंपात सोडली असेल, आरोळीही ठोकली असेल, आणि पिंप ढिम्म. माझा तर्क असा की तुला भीती वाटली आणि तू दुकानातलं पावाचं यीस्ट गुपचूप त्यात टाकलंस. आता तेच त्या माळेवर बसलंय. पाव फुगवायला ते चांगलं, पण बियरमध्ये तळाला बसायची अक्कल त्याला नाही. म्हणून तुमच्या घरी गढूळ पिताहेत.

आता ऐक. सासऱ्यांना एक अक्षर सांगू नकोस. तो मनुष्य वाईट नाही, पण कवी आहे. कळलं तर यावर दीर्घकाव्य रचेल, नाव ठेवेल 'मेलेलं विरजण', आणि तू जगशील तोवर दर नाताळात तुला समोर बसवून वाचेल.

उपाय आहे. सिन्नेवाचं लग्न झालं तेव्हा तिच्या बाबांनी ती माळ मधोमध तोडली आणि अर्धी तिच्या पेटीत घातली. तुमच्याकडे मुलगी सासरी जाताना विरजण घेऊन जाते. ती अर्धी माळ माझ्या चुलीवर टांगलेली आहे. मळकट आहे. कुणी धुतलेली नाही. मी ती टपालाने पाठवतो. तू खुंटीवरची बदल. पांढरी माळ काळी कशी झाली असं विचारलं तर सांग, धुराड्यात टांगली होती.

रासमुस

•

व्होस, १२ नोव्हेंबर

आतोबांना नमस्कार,

तुमचं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि पोत्यावर बसले. सगळं खरं आहे. यीस्टचं पण. मी पहाटे उठून टाकलं. बाबा पिंपाला कान लावून बसले होते ते तिथेच झोपी गेले होते, त्यांच्या डोक्यावरून हात नेऊन टाकलं. सकाळी फेस बघून ते इतके आनंदले की मग मला तोंडच उघडता येईना.

माळ पाठवा. पण आतोबा, धुराड्याचं मी सांगणार नाही. बाबा रोज ती माळ हातात घेतात, मणी मोजतात आणि परत टांगतात. मला वाटायचं प्रार्थना करतात. माझ्या हातून ते विरजण गेलं, वर मी त्यांना खोटी माळ देऊ? चाखणीआधी मी स्वतःच सांगणार आहे. दीर्घकाव्य तर दीर्घकाव्य.

त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण पिंपाला बाहेरून तेल लावून ठेवलंय. संग्रहालयात चांगलं दिसावं म्हणून.

तुरिद

•

होर्निंदाल, १९ नोव्हेंबर

मास्तर,

कारखान्याचा धूर म्हणे! तुम्ही पोरांना चाळीस वर्षं काय शिकवलंत, देव जाणे. शाळेत झऱ्यावरच्या कविता घोकून घेतल्यात, आता तुमच्या बियरमध्ये सगळा झरा गाळासकट उतरला, एवढंच.

माझं निदान साधं आहे. तुम्ही पिंपाजवळ कविता म्हणता. विरजणाला कंटाळा येतो आणि ते अर्ध्या वाटेत बसकण मारतं. यापलीकडे मला काही ठाऊक नाही आणि मी काही सांगणार नाही.

पिंप संग्रहालयाला द्यायचं म्हणता, द्या की. काचेमागे ठेवा, शेजारी खुर्ची टाकून तुम्हीही बसा. वर पाटी लावा: 'व्होसचा शेवटचा मास्तर, ढवळू नये.' मी तिकीट काढून बघायला मात्र येणार नाही. सिन्नेवा गेली तेव्हाच मी सांगितलंय, व्होसला नेणाऱ्या त्या फेरीबोटीवर माझा पाय पुन्हा पडणार नाही.

रासमुस

•

व्होस, २१ डिसेंबर, संध्याकाळ

दाजी,

तुमच्या गेल्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. हसण्याला उत्तर काय द्यायचं? पण आज लिहितो आहे. काढा उकळून ओसरीत निवत ठेवला आहे, दुधाइतका कोमट होईपर्यंत मला काम नाही, आणि काम नसलं की मी काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. कविता नाही म्हणत. शपथ.

आज चाखणीचा शनिवार. खरं म्हणजे बियर आधीच तयार हवी होती. तयार होती. सकाळी एक वाडगा काढला, खिडकीशी नेला, आणि तो माझ्या मोतीबिंदूहून धूसर. मी वाडगा ठेवला आणि तुरिदला म्हटलं, त्या संग्रहालयवाल्याला निरोप दे, गाडी घेऊन ये म्हणावं.

तेव्हा तिने सांगितलं. सगळं. सोडा, पावाचं यीस्ट, पहाट, आणि तुमचं पत्रही.

म्हणजे तुम्हाला नोव्हेंबरातच ठाऊक होतं. तरी मला लिहिलंत की विरजणाला माझ्या कवितेचा कंटाळा येतो! दाजी, तुमच्याइतका निर्लज्ज खोटारडा आमच्या घराण्याने जावई म्हणून आजवर केला नव्हता.

पोर समोर उभी होती. मी तिला विचारलं, "सोडा किती घातला होतास?"

"दोन मुठी, बाबा."

"एका मुठीने मेलं असतं. दुसरी वाया घालवलीस."

ती आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. मी म्हटलं, "चूल पेटव. हंडा चढव." का म्हटलं ते माझं मला कळलं नाही. विरजण नसताना काढा कशाला उकळायचा? पण पिंप जाणार असेल तर त्याने बाबांच्या बियरचा वास एकदा अंगावर घेऊन जावं, असं काहीसं मनात असेल. हे लिहून दाखवलं की तुम्ही हसणार. हसा. तेव्हापासून बाबांच्या वेळेसारखं वाफेने बियरघर भरलं आहे आणि जुनिपरचा वास थेट अंगणापर्यंत गेला आहे.

ती पांढरी माळ मी खुंटीवरून काढून चुलीत टाकणार होतो. टाकली नाही. मणी आजोबांचे आहेत. पण पावाचं यीस्ट मी त्या पिंपात आता जाणूनबुजून घालणार नाही. आळीतले लोक वाडगे घेऊन येतील तेव्हा त्यांना गोड काढा पाजीन. गुल्लिकला वाडग्याबद्दल नवीन काहीतरी सुचेल.

राहिली तुमच्या चुलीवरची अर्धी माळ. तुरिद म्हणते तुम्ही ती टपालाने पाठवणार होतात. महिना झाला, आली नाही. ती पोर सकाळपासून दर थोड्या वेळाने फाटकापर्यंत जाते, टपालगाडी दिसते का बघते आणि बर्फ झटकत परत येते. मी तिला सांगितलं, जाऊ नको. मला ठाऊक आहे तुम्ही का पाठवली नाहीत. ती चुलीवरून हलली तर तुमच्या घरात सिन्नेवाच्या हातचं काय उरलं? मीसुद्धा पाठवली नसती. आणि तुम्ही तिच्यासाठी केलेल्या बियरचा ज्याने तळ शोधला, त्याने ती मागायची कोणत्या तोंडाने?

तर दाजी, तुमचं बरोबर. द्यावं पिंप काचेमागे. खुर्ची मात्र नको, मी उभा राहीन.

काढ्याला आता बोट लावून आलो. कोमट झाला. नेमका तेवढाच, ज्याला बाबा "गाईच्या जिभेएवढा" म्हणायचे. याच वेळी ते माळ हातात घेऊन छाती भरून घ्यायचे. मी आणि सिन्नेवा कानांवर हात ठेवून दाराशी उभे असायचो. ती बोटांच्या फटीतून ऐकायची. मी खरोखर कान झाकायचो. आता वाटतं, नसते झाकले तर

थांबा. बाहेर काहीतरी झालं.

कुणीतरी ओरडलं. फाटकापाशी. काय ओरडणं म्हणावं ते! बेसूर, चिरका, मध्येच खोकला आलेला, आयुष्यात कधी न ओरडलेल्या माणसाचा आवाज. पण चाल बाबांची. शेवटी वर नेऊन सोडलेली, अगदी सिन्नेवा सोडायची तशी. कड्यावर आपटून परत आला आता. तुरिद पायात काही न घालता बर्फात धावली आहे.

गुल्लिकला ही चाल येत नाही. या खोऱ्यात ती आता कुणालाच येत नाही.

दार उघडलं. टोपीवर बर्फ, फेरीबोटीने पिवळं पडलेलं तोंड, कोटाची बटणं सोडताहेत. आत सदऱ्यावर, गळ्यात, काळीकुट्ट, मळकट, कुणीही न धुतलेली अर्धी माळ. आत येता येताच विचारताहेत, "काढा कोमट आहे ना, मास्तर, की कवितेत गार केलात?"

दाजी, मी हे पत्र लिहितो आहे कुणाला? तुम्ही तर दारात उभे आहात.